चांदी बंद होईल. पण तिची जागा घ्यायला सरकारी दवाखाने तयार आहेत का?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

किडलेली दाढ भरण्यासाठी वर्षानुवर्षे वापरली गेलेली चांदी, म्हणजे चांदी, कथील आणि तांब्याच्या भुकटीत पारा मळून केलेले मिश्रण, २०३४ पर्यंत जगभर बंद करण्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या मिनामाता कराराच्या, म्हणजे पाऱ्याचा वापर आणि प्रदूषण रोखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिषदेत ठरले. भारताने हा करार जून २०१८ मध्ये मान्य केलेला असल्याने हा निर्णय आपल्यालाही लागू होतो. युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासूनच, वैद्यकीय कारणासाठी अगदी आवश्यक असेल तेवढा अपवाद ठेवून, चांदी भरणे थांबवले आहे. या निर्णयाकडे बहुतेक ठिकाणी पर्यावरणाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु चांदी गेल्यावर तिच्या जागी रुग्णाच्या तोंडात काय भरले जाणार, ते नीट भरले जाणार की घाईने, आणि ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याला ते मिळणार की नाही, याचा विचार आतापासून झाला पाहिजे. मी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी दंतवैद्यकीचा व्यवसाय करते आणि हा प्रश्न मला रोज खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या रूपात भेटतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी एका भीतीविषयी लिहिणे आवश्यक वाटते. चांदीच्या मिश्रणात वजनाने साधारण निम्मा पारा असतो हे खरे आहे. मात्र ज्यांच्या दाढांत पूर्वीच चांदी भरलेली आहे आणि ती सुस्थितीत आहे, त्यांनी ती उकरून काढून घेण्याची घाई करू नये. उकरतानाच पाऱ्याची वाफ अधिक बाहेर पडते, शिवाय आजूबाजूचा निरोगी दातही थोडा जातो. चांदी तुटली, ढिली झाली किंवा तिच्या कडेने नवी कीड लागली, तरच ती बदलावी. कराराचा मुख्य रोख आहे तो दवाखान्यातून सांडपाण्यात आणि कचऱ्यात जाणाऱ्या पाऱ्यावर. मुलांच्या बाबतीत मात्र अधिक सावधगिरी बाळगली गेली आहे. पंधरा वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या माता यांच्या दातांत, उपचार करणाऱ्यास रुग्णासाठी अत्यावश्यक वाटल्याखेरीज, चांदी भरू नये, असे याच कराराच्या सदस्य राष्ट्रांनी २०२२ मध्ये ठरवले होते.

आता दाताच्या रंगाच्या भरणाकडे वळते. आमच्याकडे रुग्ण त्याला 'पांढरं सिमेंट' म्हणतात आणि ते फक्त पुढच्या दातांसाठी, लग्नाच्या मुलामुलींसाठी किंवा हौसेसाठी असते, असा समज घट्ट बसलेला आहे. दाढेला हे भरण सुचवले की हमखास उत्तर येते, "दाढ कोण बघतंय मॅडम, स्वस्तातलं भरा." हा समज दूर झाल्याशिवाय पुढचे काहीच होणार नाही, कारण जोपर्यंत हे भरण म्हणजे शोभेची गोष्ट आहे असे रुग्णाला, प्रशासनाला आणि विमा कंपन्यांना वाटते, तोपर्यंत त्यासाठी तरतूद करण्याची गरज कोणालाच भासणार नाही.

या भरणाचा खरा गुण रंगात नसून चिकटण्यात आहे. चांदी दाताला चिकटत नाही, ती अडकून राहते. ती अडकावी म्हणून खड्डा तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असा कोरावा लागतो आणि कीड लहान असली तरी चांगला दात कापावा लागतो. कॉम्पोझिट, म्हणजे रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या रसायनात) काचेचे अतिसूक्ष्म कण मिसळून केलेले दाताच्या रंगाचे साहित्य, दाताच्या पृष्ठभागाशी जखडले जाते. त्यामुळे किडलेला भाग तेवढा काढावा आणि बाकीचा दात राहू द्यावा, हे शक्य होते. ही वाट दोन संशोधकांमुळे खुली झाली. मायकल ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले की, दाताच्या वरच्या आवरणावर, इनॅमलवर, फॉस्फरिक आम्ल लावले की रेझिन त्यावर कितीतरी अधिक घट्ट बसते. पुढे राफाएल बोवेन यांनी बिस-जीएमए नावाचे रेझिन तयार केले आणि १९६२ मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट मिळवले. आजही बहुतेक दवाखान्यांतील कॉम्पोझिट त्याच रसायनाच्या पायावर उभे आहे. साठ वर्षांहून जुने असलेले हे तंत्र आपल्या तालुक्यांत अजून 'महागडी नवी गोष्ट' म्हणून ओळखले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हे भरण कसे केले जाते, हे वाचकांनी एकदा जवळून पाहावे असे मला वाटते, कारण त्याचे यशापयश सगळे त्या अर्ध्या-पाऊण तासात ठरते. आमच्याकडे वारंवार येणारे उदाहरण म्हणजे शाळकरी मुलांची पहिली कायमची दाढ. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. ती किडली की पालक म्हणतात, "दुधाचीच आहे, पडून जाईल." नऊ-दहा वर्षांची मुलगी गाल धरून येते तेव्हा दाढेच्या मध्यावर काळा ठिपका आणि शेजारच्या दाताच्या बाजूने खड्डा दिसतो. मेथीच्या भाजीचा तंतू तिथे अडकून बसलेला असतो. ही दाढ तिला आयुष्यभर पुरायची असते.

कीड मज्जेपर्यंत, म्हणजे दाताच्या आतल्या नसेपर्यंत, पोहोचलेली नसेल तर भूल देऊन दाढेभोवती रबराचा पातळ पडदा बसवला जातो, म्हणजे लाळ आत येत नाही. मऊ झालेला किडका भाग काढला जातो. मग ३७ टक्के तीव्रतेच्या फॉस्फरिक आम्लाची जेल इनॅमलवर पंधरा-वीस सेकंद ठेवून पाण्याने धुतली जाते. दात सुकवला की तेवढा भाग खडूसारखा पांढरट दिसू लागतो आणि आम्लाने आपले काम केल्याची ती खूण असते. त्या सूक्ष्म छिद्रांत बाँडिंगचे द्रव रेझिन झिरपते आणि निळ्या प्रकाशाने घट्ट होते. आतल्या भागात, म्हणजे डेंटिनमध्ये, हे काम अधिक नाजूक असते, कारण डेंटिन मुळातच ओलसर असते आणि ते अति कोरडे केले तरी चिकटणे बिघडते, अति ओले ठेवले तरी बिघडते. शेजारच्या दाताकडील बाजू बांधण्यासाठी धातूची पातळ पट्टी लावून हिरडीजवळ छोटी पाचर ठोकावी लागते. ती नीट बसली नाही तर दोन दाढांत फट राहते आणि भाजीचा तंतू पुन्हा तिथेच अडकतो. त्यानंतर कॉम्पोझिट दोन मिलिमीटरहून जाड नसलेल्या थरांत भरले जाते आणि प्रत्येक थरावर प्रकाश टाकला जातो. चार मिलिमीटरचा थर चालणारी साहित्येही आता आली आहेत. शेवटी रंगीत कागद दातांत धरून चावायला लावले जाते. भरण किंचित उंच राहिले तरी दाढ दुखत राहते, म्हणून तो ठसा पाहून घासावे लागते.

यातील कोणतीही पायरी गाळली की वरून भरण तितकेच सुंदर दिसते. ही या साहित्याची सर्वांत मोठी अडचण आहे. लाळेचा एक थेंब आत गेला, दिव्याचे टोक साहित्याच्या वाळलेल्या थराने मळलेले असले, बॅटरी उतरल्याने प्रकाश क्षीण झाला, किंवा घाईत जाड थर एकदम भरला, तर वरचा पृष्ठभाग कडक आणि तळ कच्चा राहतो. घट्ट होताना कॉम्पोझिट काही टक्के आकसते, त्यामुळे चिकटण कच्ची असेल तर कडेला फट पडते. काही महिन्यांनी त्या फटीतून कीड पुन्हा आत शिरते. रुग्ण म्हणतो, पांढरे सिमेंट टिकत नाही. कॉम्पोझिट आणि चांदी यांची दाढांमधील तुलना करणाऱ्या कॉक्रेन या, वैद्यकीय संशोधनाचा एकत्रित आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, अहवालातही कॉम्पोझिटच्या भरणाखाली पुन्हा कीड लागण्याचे आणि भरण निकामी होण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे, आणि ही गोष्ट लपवण्यात कोणाचेही हित नाही. चांदीला ओलावा बराच सोसतो, ती लवकर भरून होते आणि वर्षानुवर्षे टिकते. तिने गोरगरिबांच्या कितीतरी दाढा वाचवल्या आहेत. म्हणूनच चांदी काढून घेताना तिच्या जागी केवळ नवे साहित्य देऊन भागणार नाही. त्या साहित्याला लागणारा वेळ, मदतनीस आणि चांगला दिवाही द्यावा लागेल.

जाता जाता एक घरगुती बाब सांगते. दाढ ठणकली की आपल्याकडे लवंगेचे तेल कापसावर घेऊन खड्ड्यात ठेवतात आणि त्याने तात्पुरता आराम पडतोही. परंतु लवंगेतील युजेनॉल रेझिन नीट घट्ट होऊ देत नाही. तेल वापरले असेल तर दाढ भरण्याआधी डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कोणी रागावणार नाही, फक्त काम थोडे वेगळ्या पद्धतीने किंवा थोडे थांबून करता येईल.

आता सरकारी दवाखान्यांविषयी. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातील दंतशल्यचिकित्सकाच्या दारात सकाळी रांग लागलेली असेल आणि हाताशी मदतनीस नसेल, तर एका मुलीच्या एका दाढेला पाऊण तास देणे त्याला जमणार कसे? दाढ काढणे मात्र थोड्या वेळात उरकते. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत वाचवता येण्याजोगी दाढ काढून घेतलेले तरुण स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने असतात. त्यांना विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच असते, "भरायची सोय नव्हती, काढा म्हणाले." मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही, कारण त्यांच्याजागी मी असते तर रांगेतील पन्नासाव्या माणसाचा ठणका थांबवण्यासाठी मलाही तेच करावे लागले असते. दाढ गेली की शेजारची दाढ कलते, समोरची खाली किंवा वर सरकते, चावण्याची बाजू बदलते, आणि पुढे कृत्रिम दात बसवायचा तर त्याचा खर्च वेळीच केलेल्या भरणाच्या कितीतरी पट होतो. तो खर्च ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने कोठून करायचा? मोठ्या आजारांसाठीच्या सरकारी योजना आणि नेहमीच्या आरोग्यविमा पॉलिसी प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांचा विचार करतात. दाढ भरणे त्यांच्या चौकटीत सहसा बसतच नाही.

सर्वत्र कॉम्पोझिटच हवे असा माझा आग्रह नाही. दाताच्या रंगाचे दुसरे एक साहित्य आहे, ग्लास आयनोमर सिमेंट. लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी ते विकसित केले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते दंतवैद्यकात आले. ते दाताशी रासायनिक रीतीने चिकटते, त्यातून थोडे थोडे फ्लोराइड बाहेर पडते, थोडा ओलावा त्याला चालतो आणि त्याच्या साध्या प्रकारांना दिवा लागत नाही. मोठ्या खड्ड्यात चावण्याचा जोर सोसण्याची ताकद त्याच्यात कॉम्पोझिटइतकी नाही, रंगही तितका हुबेहूब जुळत नाही. परंतु लहान खड्ड्यासाठी, दुधाच्या दाढांसाठी आणि जिथे वीज व यंत्र दोन्हींचा भरवसा नाही तिथे ते फार उपयोगी आहे. १९८० च्या दशकात टांझानियात याच गरजेतून एक पद्धत उभी राहिली. यंत्राशिवाय, केवळ हातातल्या अवजारांनी मऊ कीड खरवडून काढायची आणि खड्डा चिकटणाऱ्या साहित्याने भरायचा. यंत्राचा आवाज नसल्याने आणि बहुधा सुईही लागत नसल्याने मुले घाबरत नाहीत. मेळघाटातल्या, धडगाव-अक्कलकुव्यातल्या आश्रमशाळांत ही पद्धत दरवर्षी राबवली तर जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याची वाट पाहत बसलेल्या दाढा तिथल्या तिथे वाचतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ग्लास आयनोमर आणि २०२३ मध्ये रेझिन कॉम्पोझिट ही दोन्ही साहित्ये अत्यावश्यक औषधांच्या आपल्या यादीत घेतली आहेत. ज्या यादीत प्रतिजैविके आणि लसी आहेत त्या यादीत दाढेचे भरण येते, याचा अर्थ आपल्या खरेदीच्या याद्या करणाऱ्यांनी लक्षात घ्यावा.

आणखी एका वर्गाचा उल्लेख करायला हवा, कारण त्यांचे दुखणे कोणाच्या यादीत नसते. गावातल्या कितीतरी स्त्रिया अजूनही मिश्रीने किंवा राखेने दात घासतात. मिश्री ही भाजलेली तंबाखू आहे आणि तिचे व्यसन लागते, हा तर वेगळा आणि गंभीर विषय आहेच. पण दात कशानेही वर्षानुवर्षे जोर लावून आडवे घासले की हिरडीजवळ दाताला खाच पडते. नखाने चाचपले तर नख त्यात अडकते. थंड पाणी लागले की कळ जाते, म्हणून या बायका कोमट पाणी पितात, एकाच बाजूने चावतात, आणि "वय झालं, दात सैल झाले" असे म्हणून गप्प राहतात. पुष्कळदा दात सैल झालेले नसतात, झिजलेले असतात. त्या खाचेत दाताच्या रंगाचे ग्लास आयनोमर किंवा कॉम्पोझिट भरले की बहुतेक वेळा कळ थांबते आणि दात आणखी झिजायचा वाचतो. चांदीसाठी ही जागा कधीच सोयीची नव्हती. घासण्याची सवय बदलली नाही तर भरण निघून येते, त्यामुळे मऊ ब्रश हातात देऊन दाखवण्याची पाच मिनिटेही उपचारातच धरावी लागतात.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती आहे. दाढेत काय भरले, ग्लास आयनोमर की कॉम्पोझिट, हे रुग्णाला चिठ्ठीवर लिहून द्यावे. दोन्ही पांढरी दिसतात, दोन्हींची किंमत आणि टिकाऊपणा वेगळा असतो, आणि आपण कशाचे पैसे दिले हे जाणण्याचा रुग्णाला हक्क आहे. दुसऱ्या डॉक्टरलाही त्या चिठ्ठीचा उपयोग होतो. तसेच सुस्थितीतील चांदी केवळ काळी दिसते म्हणून काढून पांढरे भरण करण्याचा आग्रह आपण धरू नये. पाऱ्याची भीती दाखवून तर मुळीच नाही.

शासनाकडे मागणे मोठे नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाने चांदी थांबवण्याचे जिल्हावार वेळापत्रक जाहीर करावे आणि त्यासोबतच प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागाला प्रकाशाचा चांगला दिवा, त्याची तीव्रता मोजण्याचे साधन, रबराचे पडदे आणि दोन्ही प्रकारचे साहित्य वर्षभर पुरेल असे मिळावे. जिल्हा नियोजन समित्यांच्या निधीतूनही यातले बरेचसे होऊ शकेल. दंतविभागाला प्रशिक्षित मदतनीस द्यावा, कारण एकट्या माणसाने लाळ ओढत, साहित्य मिसळत, दिवा धरत चांगले भरण करावे ही अपेक्षाच चुकीची आहे. आठवड्यातील काही ठरावीक वेळ केवळ दात भरण्यासाठी राखून ठेवावी. मासिक अहवालात किती रुग्ण तपासले आणि किती दात काढले यांच्या शेजारी, किती दात भरून वाचवले आणि त्यांतील किती वर्षभरानंतर टिकले, असे दोन रकाने वाढवावेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांतील शिक्षकांनी सेवेतील डॉक्टरांसाठी प्रत्यक्ष हाताने करून घेणारी प्रशिक्षणे घ्यावीत. हे काम व्याख्यान ऐकून येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत जाऊन मुलांचे दात पाहतातच. त्यांनी कीड नोंदवून पालकांच्या हाती चिठ्ठी दिल्यानंतर ते मूल खरोखर खुर्चीपर्यंत पोहोचले का, याचा पाठपुरावा होण्याची व्यवस्था व्हावी. सुरुवात पहिली ते चौथीच्या मुलांपासून आणि त्यांच्या त्या पहिल्या कायमच्या दाढेपासून करावी, आणि ती येत्या शैक्षणिक वर्षातच करावी.

आपली,
एक दंतवैद्य, जि. सोलापूर